पोचलेले टपाल आणि न पोचलेली वार्ता : सेंत-एक्झुपेरी यांच्या लेखनातील वैमानिकाचा युद्धकाळ व शांतताकाळ

प्रास्ताविक

लष्करी वैमानिकाच्या चरित्राची वा आत्मकथनाची एक ठरीव चौकट वाचकाच्या मनात असते. या चौकटीत युद्ध हा आयुष्याचा मुख्य अंक असतो. शांततेचा काळ म्हणजे एक तर त्या अंकाची पूर्वतयारी किंवा त्यानंतरची निवृत्ती. पाडलेली विमाने, मिळालेली पदके आणि हुकवलेले मृत्यू यांच्या बेरजेतून नायक सिद्ध होतो. पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन यांचे १९१७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. त्यात आकाश हे शिकारीचे रान आहे आणि निवेदक हा शिकारी आहे. ८० विजय ही संख्याच पुढे त्यांची ओळख होऊन बसली.

फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी (१९००-१९४४) हे या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्या नावावर पाडलेले एकही विमान नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी केलेले काम टेहळणीचे होते. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग टपालाच्या विमानांविषयी आहे आणि युद्धाविषयीचे त्यांचे मुख्य पुस्तक एका पराभवाविषयी आहे. तरीही त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा दोनच गोष्टींचा उल्लेख होतो. एक, 'छोटा राजकुमार' ही जगभर पोचलेली कथा. आणि दुसरी, भूमध्य समुद्रावर त्यांचे नाहीसे होणे. या दोहोंच्या मध्ये त्यांचे खरे वैमानिक-लेखन हरवते.

प्रस्तुत लेखात त्यांच्या शांतताकाळातील आणि युद्धकाळातील लेखनाचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे : सेंत-एक्झुपेरी यांच्या युद्धवैमानिकाला नीती युद्धाने दिलेली नाही, ती टपालसेवेने दिली आहे. युद्धाने त्या नीतीची परीक्षा घेतली, आणि 'पिलोत द गेर' (युद्धवैमानिक, १९४२) हे पुस्तक म्हणजे त्या परीक्षेची उत्तरपत्रिका आहे. ती पूर्णपणे समाधानकारक नाही. पण प्रामाणिक आहे.

१. दोन काळांची रूपरेषा

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम चरित्राचा धागा पाहणे आवश्यक आहे. सेंत-एक्झुपेरी यांचा जन्म २९ जून १९०० रोजी लिआँ येथे झाला. नौदल अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. १९२१ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते स्ट्रासबूर्ग येथील विमानदलाच्या पलटणीत दाखल झाले, परंतु तेथे त्यांची नेमणूक जमिनीवरच्या कामासाठी होती. त्यांनी स्वखर्चाने खाजगी शिकवणी घेऊन उड्डाण शिकून घेतले. पुढे मोरोक्कोत त्यांना लष्करी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि राखीव दलातील अधिकारी म्हणून ते सेवेतून बाहेर पडले. वाग्दत्त वधूच्या घरच्यांना वैमानिकाचा व्यवसाय मान्य नव्हता, हेही यामागील एक कारण होते. तो विवाह झाला नाही. त्यानंतरची काही वर्षे कौले बनविणाऱ्या कंपनीची कचेरी आणि मालमोटारींची विक्री यांत गेली.

१९२६ साली ते तुलूझ येथील लातेकोएर कंपनीत रुजू झाले. फ्रान्स, स्पेन, मोरोक्को आणि डाकार असा या कंपनीचा टपालमार्ग होता. १९२७ च्या अखेरीस सहारा वाळवंटाच्या कडेवरील केप जुबी या एकाकी ठाण्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. वाळवंटात उतरावे लागलेल्या वैमानिकांना सोडविणे, स्थानिक टोळ्यांशी वाटाघाटी करणे आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांशी सलोखा राखणे हे तेथील काम होते. १९२९ पासून ते दक्षिण अमेरिकेत, ब्वेनोस आयरेस येथे टपालमार्गाचे व्यवस्थापन पाहू लागले. 'कुरिए स्यूद' (दक्षिणेचे टपाल, १९२९), 'व्होल द नुई' (रात्रीचे उड्डाण, १९३१) आणि 'तेर देझोम' (माणसांची भूमी, १९३९) ही पुस्तके याच अनुभवातून आली.

१९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर त्यांना लष्करात बोलावण्यात आले. वय आणि जुन्या अपघातांच्या जखमा यांमुळे प्रशिक्षकाचे सुरक्षित काम त्यांना मिळू शकत होते. त्यांनी ते नाकारले आणि दूरपल्ल्याच्या टेहळणीच्या २/३३ या तुकडीत प्रवेश मिळविला. २३ मे १९४० रोजी अरास शहरावर त्यांनी केलेले उड्डाण हा पुढे 'युद्धवैमानिक' या पुस्तकाचा विषय झाला. जूनमधील युद्धबंदीनंतर ते वर्षअखेरीस अमेरिकेत गेले, १९४३ साली उत्तर आफ्रिकेत परतले आणि पुन्हा त्याच तुकडीत उड्डाणे करू लागले. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिका बेटावरून निघालेले त्यांचे विमान परत आले नाही.

या आराखड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टपालाची वर्षे ही युद्धाची पूर्वतयारी नव्हती. लष्कर मागे टाकून हा माणूस एका नागरी कामात गेला, त्या कामात घडला, आणि घडलेला माणूस पुन्हा लष्करात आला. म्हणून चरित्राची नेहमीची चौकट येथे उलटी करून वाचावी लागते.

२. टपाल : पोचण्याचे नीतिशास्त्र

टपालाच्या थैलीला स्वतःचे असे काही मोठेपण नसते. तिच्यात व्यापाऱ्यांची बिले असतात, नातेवाइकांची पत्रे असतात, सरकारी कागद असतात. त्यांपैकी एखादे पत्र उशिरा पोचले तरी जग बुडत नाही. मग त्यासाठी माणसाने जीव का धोक्यात घालावा, हा प्रश्न सेंत-एक्झुपेरी यांच्या साहित्याच्या मुळाशी आहे.

'रात्रीचे उड्डाण' या लघुकादंबरीत हा प्रश्न उघडपणे मांडला आहे. पातागोनिया, चिली आणि पाराग्वे येथून निघालेली तीन विमाने ब्वेनोस आयरेसला यायची असतात. त्यांचे टपाल घेऊन युरोपचे विमान सुटायचे असते. आगगाडी आणि जहाज रात्रीही चालतात. विमान दिवसा जे तास मिळवते ते रात्री थांबून गमावते. म्हणून मार्गप्रमुख रिव्हिएर रात्रीच्या उड्डाणांचा आग्रह धरतो. पातागोनियाचे विमान वादळात सापडते. फाबियँ हा वैमानिक आणि त्याचा सोबती परत येत नाहीत. फाबियँची तरुण पत्नी कचेरीत येते. रिव्हिएरपाशी तिला देण्यासारखे काही नसते. पहाटेच्या सुमारास पाराग्वेचे टपाल पोचते आणि रिव्हिएर युरोपचे विमान सोडण्याची आज्ञा देतो.

या कथेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. लेखकाने निवेदन एका रात्रीपुरते मर्यादित ठेवले आहे आणि ते आकाश व कचेरी यांच्यात आळीपाळीने फिरते. वर वादळ आहे, खाली घड्याळ आहे. वैमानिकाइतकेच महत्त्व कारकून, तारायंत्र चालविणारे आणि यंत्रज्ञ यांना आहे. वैमानिक हा एका साखळीतील कडी आहे, हे येथे कथनाच्या मांडणीतूनच सांगितले जाते.

'माणसांची भूमी' या पुस्तकात हीच गोष्ट अधिक मानवी रूपात येते. पहिल्या उड्डाणापूर्वी तरुण सेंत-एक्झुपेरी आपला सहकारी आंरी गियोमे याच्याकडे स्पेनच्या मार्गाची माहिती विचारण्यास जातात. गियोमे त्यांना शहरे, लोकसंख्या वा पर्वतांची उंची शिकवत नाही. एका शेताच्या कडेची संत्र्यांची तीन झाडे, आणीबाणीत उतरण्याच्या कुरणातून वाहणारा एक फसवा ओहोळ, आडव्या येऊ शकणाऱ्या मेंढ्या, एका डोंगरउतारावरील शेतकरी दांपत्य, अशा गोष्टी तो नकाशावर दाखवितो. भूगोलाच्या पुस्तकाने वगळलेली भूमी वैमानिकाच्या नकाशावर येते. विमान हे जमिनीपासून दूर नेणारे यंत्र नसून जमिनीची ओळख पटविणारे साधन आहे, असा विचार येथे मांडला गेला आहे.

याच गियोमेची दुसरी कथा प्रसिद्ध आहे. जून १९३० मध्ये त्याचे विमान अँडीज पर्वतात बर्फात कोसळले. पाच दिवस आणि चार रात्री तो चालत राहिला. बर्फात निजून जावे असा मोह त्याला झाला. परंतु प्रेत सापडले नाही तर कायद्याने मृत्यू मान्य होण्यास वर्षे लागतील आणि पत्नीला विम्याचे पैसे मिळणार नाहीत, हा विचार त्याला पुढील खडकापर्यंत घेऊन गेला. आणि तेथे पोचल्यावर तो पुढे चालू लागला. सेंत-एक्झुपेरी या घटनेला धैर्याची कथा म्हणण्याचे टाळतात. त्यांच्या मते गियोमेचा गुण धैर्य हा नव्हे, तर उत्तरदायित्व हा होय. वाट पाहणारी पत्नी, शोधणारे सहकारी आणि खोळंबलेले टपाल यांना तो उत्तर देणे लागतो.

म्हणजे टपालसेवेने दिलेले नीतिसूत्र 'पोचणे' हे आहे. पत्र क्षुल्लक असेल, पण ते एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते. जीव पत्रासाठी धोक्यात घातलेला नसतो. तो त्या दोन माणसांमधील संबंधासाठी घातलेला असतो.

३. अरास : पोचण्याची आशा नसलेले उड्डाण

या पार्श्वभूमीवर 'युद्धवैमानिक' हे पुस्तक वाचले असता त्याची खरी शोकात्मता ध्यानात येते. पुस्तकाचा आरंभ एका शाळकरी दिवास्वप्नाने होतो. निवेदक पंधरा वर्षांचा विद्यार्थी झाला आहे आणि भूमितीचे उदाहरण सोडवीत आहे. त्या वर्गातून तो मेजर आलियास यांच्या खोलीत येतो. तेथे त्याला मिळणाऱ्या कामगिरीत मात्र वर्गातील उदाहरणासारखे नीट सुटणारे काहीच नाही. आज्ञा देणाऱ्या आलियास यांनाही ती देताना अवघडल्यासारखे होते.

कामगिरी अशी आहे : प्रथम सुमारे दहा हजार मीटर उंचीवरून छायाचित्रे घ्यायची आणि नंतर अवघ्या सातशे मीटरवर उतरून अरासच्या परिसरातील शत्रूचे रणगाडे पाहायचे. परत येण्याची शक्यता फार थोडी आहे. पुस्तकात दिलेल्या माहितीनुसार तुकडीतील २३ विमानचमूंपैकी १७ तीन आठवड्यांत नाहीसे झाले आहेत. परंतु केवळ धोका हा या पुस्तकाचा विषय नाही. धोका टपालाच्या वर्षांतही होता. नवी गोष्ट ही की परत आलेच तरी आणलेल्या माहितीचा काही उपयोग होणार नाही. दूरध्वनीच्या तारा तुटल्या आहेत, रस्ते निर्वासितांनी भरून गेले आहेत, मुख्यालय सतत हलत आहे. ज्यांना ही वार्ता द्यायची ते कोठे आहेत हे कोणालाही ठाऊक नाही.

टपालाच्या वैमानिकाची ही अगदी नेमकी उलटी अवस्था होय. तेथे थैलीतील पत्र सामान्य होते, पण ते पोचत होते. येथे थैलीतील वार्ता देशाच्या जीवनमरणाची आहे, पण तिला पत्ताच उरलेला नाही. यंत्र तेच, कौशल्य तेच, आज्ञापालन तेच. फक्त पलीकडचे टोक नाहीसे झाले आहे. ज्याची सारी नीती 'पोचणे' या एका क्रियापदावर उभी आहे, त्याने अशा वेळी उड्डाण का करावे? 'युद्धवैमानिक' या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न हा आहे.

लेखकाने या प्रश्नाचे उत्तर लगेच दिलेले नाही. पुस्तकाचा पहिला भाग जवळजवळ यंत्रवत कृतींनी भरलेला आहे. उड्डाणाचा पोशाख चढविणे, हरवलेले हातमोजे शोधणे, प्राणवायूची नळी आणि उष्णतेच्या तारा जोडणे, अतिउंचीवर गोठलेले सुकाणू पायाच्या जोराने हलविण्याचा प्रयत्न करणे इत्यादी. अर्थ नाहीसा झाल्यावर माणसाजवळ क्रिया उरते, आणि क्रियेचा तपशील त्याला काही काळ सावरून धरतो, असे या भागातून जाणवते. दहा हजार मीटरवरून खालची माणसे दिसत नाहीत. तेथून देश हा प्रयोगशाळेतील काचेखाली ठेवलेल्या वस्तूसारखा भासतो. गियोमेच्या नकाशावरील संत्र्यांची झाडे येथे पुसली गेली आहेत. उंचीचा हा अनुभव आपण निर्मम झाल्याचा अनुभव आहे आणि निवेदकाला त्याची जाणीव आहे.

अरासवर विमान खाली उतरते तेव्हा पुस्तकाची भाषा पालटते. विमानवेधी तोफांच्या माऱ्यात निवेदकाला बालपणीची दाई आठवते, पावसाच्या सरींना चुकवीत धावण्याचा लहानपणीचा खेळ आठवतो. प्रत्येक क्षणी मृत्यू अपेक्षित असताना प्रत्येक क्षणी जीवन परत मिळते. निरीक्षक द्यूतेर्त्र आणि मागच्या बाजूचा तोफची यांच्याशी तुटक वाक्यांत होणारे बोलणे हा त्या क्षणी माणसामाणसांतील उरलेला एकमेव संबंध असतो. परतल्यावर निवेदक गावातील शेतकऱ्याच्या घरी जेवायला बसतो. शेतकरी मुकाट्याने भाकरीचे वाटे करतो, शेजारी त्याची पुतणी बसलेली असते. हा प्रसंग साधा आहे. परंतु न पोचलेल्या वार्तेचे एक उत्तर येथे मिळते. मुख्यालयापर्यंत जे पोचले नाही ते या जेवणाच्या मेजापर्यंत पोचले. आपण या माणसांपैकी एक आहोत हे म्हणण्याचा अधिकार त्या उड्डाणाने निवेदकाला मिळाला.

याच संदर्भात एक तुलना उपयुक्त ठरेल. ब्रिटिश लढाऊ वैमानिक रिचर्ड हिलरी यांचे 'द लास्ट एनिमी' हे पुस्तकही १९४२ सालचेच आहे. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात हिलरी भाजून जबर जखमी झाले. बरे झाल्यावर ते पुन्हा उड्डाणाकडे वळले आणि जानेवारी १९४३ मध्ये विमान कोसळून मरण पावले. हिलरी यांच्या पुस्तकातील तरुण आत्मकेंद्री आहे आणि युद्धच त्याला इतरांच्या दुःखाशी जोडते. म्हणजे तेथे युद्ध हा गुरू आहे. सेंत-एक्झुपेरी यांच्या पुस्तकात युद्ध काही शिकवत नाही. ते फक्त विचारते : जे शांततेत शिकलास ते आता टिकते का?

४. फलाशा आणि लोकसंग्रह

निष्फळ ठरणार हे ठाऊक असूनही केलेले कर्तव्य पाहून मराठी वाचकाला निष्काम कर्मयोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ही तुलना मोहात पाडणारी आहे. म्हणूनच ती जपून करावयास हवी. सेंत-एक्झुपेरी यांचा वैमानिक फळाविषयी उदासीन नाही. टपाल वेळेवर पोचावे याची त्याला विलक्षण ओढ आहे, आणि वार्ता पोचणार नाही याचे त्याला खोल दुःख आहे. 'युद्धवैमानिक'मधील कडवटपणा या दुःखातूनच येतो. फळाची आसक्ती नसती तर हे पुस्तकच लिहिले गेले नसते. त्यामुळे त्याच्या उड्डाणाला सरळ निष्काम कर्म म्हणणे म्हणजे पुस्तकातील वेदना पुसून टाकणे होईल.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) ज्या 'लोकसंग्रह' या संकल्पनेवर भर दिला ती येथे अधिक जवळची वाटते. समाज एकत्र बांधलेला राहावा, विस्कटू नये, यासाठी जाणत्याने कर्म करीत राहावे, हा तिचा आशय आहे. मे १९४० मधील फ्रान्स अक्षरशः विस्कटलेला होता. गावेच्या गावे रस्त्यावर आली होती. अशा वेळी एका चमूने नेमून दिलेले काम करणे ही विस्कटण्याला दिलेली नकाराची कृती ठरते. अर्थात टिळकांच्या विवेचनाला अध्यात्माचे अधिष्ठान आहे, तर सेंत-एक्झुपेरी यांचे अधिष्ठान व्यवसायातील सहकार्याचे आहे. हा फरक विसरून चालणार नाही. 'माणसांची भूमी' गियोमेला आणि 'युद्धवैमानिक' आलियास व तुकडीतील सहकाऱ्यांना अर्पण केलेले आहे, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

५. काही मर्यादा

सेंत-एक्झुपेरी यांच्या लेखनाचे मोठेपण मान्य करूनही त्याच्या मर्यादांची नोंद करणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

पहिली मर्यादा रिव्हिएरविषयीची आहे. 'रात्रीचे उड्डाण'मध्ये रिव्हिएर एका वृद्ध यंत्रज्ञाला किरकोळ चुकीसाठी कामावरून काढतो आणि धुक्यामुळे उशीर झाला तरी वैमानिकाचा भत्ता कापतो. नियम न्याय्य असण्यापेक्षा तो माणसाला घडवितो का, हे त्याला महत्त्वाचे वाटते. लेखक त्याला उघड पाठिंबा देत नाही, पण त्याच्याविषयीचा आदर लपवीतही नाही. १९३१ सालच्या युरोपात कठोर नेत्याविषयीचा हा आदर निरुपद्रवी नव्हता. फाबियँची पत्नी कथेत येते, तिचे दुःख खरे आहे, पण निर्णयाच्या तराजूत तिला जागा नाही. पोचण्याच्या नीतीची किंमत कोण भरतो, हा प्रश्न कादंबरी उपस्थित करते आणि अर्ध्यावर सोडते.

दुसरी मर्यादा वसाहतवादाशी संबंधित आहे. तुलूझ ते डाकार हा मार्ग फ्रेंच साम्राज्याला सांधणारा होता. ज्या टोळ्यांच्या वाळवंटावरून ही विमाने जात, त्यांना या पत्रव्यवहारात वाटा नव्हता. 'माणसांची भूमी'तील बार्क या गुलामाची कथा हृदयस्पर्शी आहे. वैमानिक पैसे जमवून त्याला विकत घेतात आणि मुक्त करतात. अगादीर येथे पोचल्यावर तो आपल्याजवळचे पैसे अनोळखी मुलांना भेटी देण्यात खर्च करून टाकतो, कारण स्वातंत्र्याचा रिकामेपणा त्याला नकोसा होतो. त्याला माणसांशी बांधले जावयाचे असते. ही कथा लेखकाच्या मूळ विचाराला बळकटी देते. परंतु बार्क जे बोलतो ते लेखकाच्या विचाराच्या सोयीचे आहे, आणि त्याला गुलाम करणाऱ्या समाजाविषयी वा त्या वाळवंटावरील परकीय सत्तेविषयी पुस्तक फारसे बोलत नाही. वसाहतीचा अनुभव असलेल्या भारतीय वाचकाने ही रिकामी जागा पाहिली पाहिजे.

तिसरी मर्यादा 'युद्धवैमानिक'च्या शेवटाची आहे. भाकरीच्या प्रसंगाने जे सिद्ध केले तेच पुढील प्रकरणांत श्रद्धेच्या घोषणांच्या रूपाने पुन्हा येते. व्यक्तीपेक्षा माणूसपण श्रेष्ठ, अधिकारापेक्षा दातृत्व श्रेष्ठ, अशा विधानांची मालिका सुरू होते. विधाने उदात्त आहेत, पण त्यांतून द्यूतेर्त्र नाहीसा होतो, शेतकरी नाहीसा होतो, तोफांचा आवाजही नाहीसा होतो. संत्र्यांच्या झाडांनी विचार करणारा लेखक येथे मोठ्या अक्षरांतील भाववाचक नामांनी विचार करू लागतो. दहा हजार मीटरच्या उंचीवर जी अमूर्तता त्याला नकोशी झाली होती, तीच शेवटी विचाराच्या रूपाने परत येते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मात्र या शेवटाचा ऐतिहासिक संदर्भही ध्यानात घ्यावा लागतो. हे पुस्तक फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रेंच आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पराभवाची जबाबदारी कोणाची, या वादात फ्रेंच समाज दुभंगला होता. सेंत-एक्झुपेरी यांनी एकमेकांवर दोषारोप करण्यास नकार दिला आणि पराभव सर्वांचा आहे असे मानले. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये १९४२ च्या अखेरीस गालिमार या प्रकाशनसंस्थेने ते काढले. हिटलरविषयीचा एक उल्लेख त्यातून गाळावा लागला. इस्राएल या ज्यू सहकारी वैमानिकाच्या शौर्याचा त्यात गौरव असल्याने जर्मनधार्जिण्या वृत्तपत्रांनी ओरड केली आणि १९४३ साली पुस्तकावर बंदी आली. पुढे त्याच्या गुप्त आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या बाजूस द गॉल यांच्या समर्थकांनाही लेखकाविषयी संशय होता, कारण त्यांनी कोणत्याच गटाचा झेंडा घेतला नाही. सहकाऱ्याचे नाव न गाळणारे आणि गटाचे नाव न घेणारे हे पुस्तक दोन्हीकडून नाकारले जावे, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

६. अखेरची उड्डाणे

१९४३ साली सेंत-एक्झुपेरी उत्तर आफ्रिकेत आपल्या तुकडीत परतले तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते. नव्या अमेरिकन लाइटनिंग विमानासाठी ठरविलेली वयोमर्यादा त्यांनी कधीच ओलांडली होती. जुन्या अपघातांमुळे उड्डाणाचा पोशाख चढवितानाही त्यांना मदत लागत असे. उतरताना झालेल्या एका अपघातानंतर त्यांचे उड्डाण थांबविण्यात आले. अनेक खटपटी करून १९४४ साली त्यांनी मर्यादित उड्डाणांची परवानगी मिळविली आणि ती मर्यादाही ओलांडली.

या हट्टाकडे मृत्यूची ओढ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. त्या काळातील त्यांची खिन्नता नाकारता येत नाही. मेरमोझ १९३६ साली दक्षिण अटलांटिकवर नाहीसा झाला होता, गियोमे १९४० साली भूमध्य समुद्रावर मारला गेला होता. टपालमार्गाची पिढी संपत आली होती. परंतु पोचण्याच्या नीतीच्या प्रकाशात या उड्डाणांचा आणखी एक अर्थ लागतो. त्यांचे विमान आता पूर्णतः निःशस्त्र होते. त्यात बंदुकांच्या जागी कॅमेरे होते. दक्षिण फ्रान्सची जी छायाचित्रे ही तुकडी आणत होती ती नकाशे तयार करणाऱ्यांपर्यंत पोचत होती, आणि १५ ऑगस्ट १९४४ रोजी प्रोव्हाँसच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले. १९४० साली अर्थ गमावलेले तेच काम १९४४ साली पुन्हा टपाल झाले होते. अरासच्या वैमानिकाला जे मिळाले नव्हते ते म्हणजे पलीकडचे टोक. ते आता त्याला मिळाले होते.

३१ जुलैच्या उड्डाणाचे टपाल मात्र पोचले नाही. १९९८ साली मार्सेयजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्यांच्या नावाची साखळी सापडली. २००० साली त्या परिसरात समुद्रतळाशी विमानाचे अवशेष आढळले आणि ते बाहेर काढल्यावर २००४ साली त्यांची ओळख पटली. विमान कोसळण्याचे कारण निश्चित झालेले नाही. २००८ साली एका माजी जर्मन वैमानिकाने ते आपण पाडल्याचा दावा केला. त्याला निर्णायक पुरावा मिळाला नाही. या शोधाची हकीकत वृत्तपत्रांना रंजक वाटली यात नवल नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने वैमानिक कसा नाहीसा झाला यापेक्षा तो कशासाठी उडत होता हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, सेंत-एक्झुपेरी यांच्या लेखनात शांतताकाळ हा मूलस्रोत आहे आणि युद्धकाळ ही त्याची कसोटी आहे. म्हणून 'युद्धवैमानिक' हे पुस्तक 'माणसांची भूमी'शिवाय एकटे वाचल्यास ते केवळ पराभवाचे वृत्त किंवा केवळ मानवतेचे प्रवचन वाटण्याचा धोका संभवतो.

दुसरा, त्यांच्या वैमानिकाचे मूल्य शत्रूच्या हानीवर मोजलेले नाही. ते कोणाकडून कोणापर्यंत काय पोचले, यावर मोजलेले आहे. रिख्टहोफेन यांच्या शिकारकथेपासून हे लेखन मूलतः वेगळे होते ते या निकषामुळे.

तिसरा, ही नीती निर्दोष नाही. तिची किंमत मोजणारी पत्नी, तिच्या मार्गाखालील वाळवंटी माणूस आणि नियमाने चिरडलेला यंत्रज्ञ यांना तिने पुरेसे उत्तर दिलेले नाही. तरीही 'उत्तरदायित्व' हा शब्द तिनेच दिला असल्यामुळे तिच्याकडे उत्तर मागण्याचा अधिकारही वाचकाला तिच्यामुळेच मिळतो.

युद्धातील वैमानिकांविषयीचे लेखन आपल्या अभ्यासक्रमांत आणि ग्रंथालयांत बहुधा शौर्यकथांच्या कप्प्यात ठेवले जाते. तेथे विद्यार्थ्याला धाडस भेटते, पण धाडस ज्या दैनंदिन, कष्टाच्या आणि अनेकांच्या हातांनी चाललेल्या कामातून जन्मते ते काम भेटत नाही. सेंत-एक्झुपेरी यांची पुस्तके त्या कप्प्यातून काढून श्रम आणि व्यवसाय यांच्या साहित्याशेजारी ठेवली, तर युद्धात माणसे का टिकतात याचे एक उत्तर आपल्याला मिळेल. ते उत्तर रणभूमीवर सापडत नाही. ते शांततेच्या काळात, पहाटे विमानात चढविलेल्या टपालाच्या थैलीत सापडते.